विचारलं तरच

नाशिक जिल्ह्यात गोष्ट पोटात ठेवू शकणारा माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या हॉस्पिसच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचा. बाकी आपण सगळे गळके. कोणी चहाबरोबर गळतो, कोणी फोनवर, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे माझा तर धंदाच सांगण्याचा. कपाटवाले काका मात्र ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. त्यांना काकाच म्हणायचे सगळे. आडनाव रजिस्टरमध्ये होतं म्हणतात, पण ते रजिस्टर त्यांच्याच कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्याच जानव्याला. मूळचे ते सटाण्याकडचे, एवढं त्यांच्या बोलण्यावरून कळायचं. नेमकं गाव कुठलं, हे सहा वर्षांत मला काढता आलं नाही. टपरीवरच्या माणसाने "साखर किती?" विचारलं, तर काका आधी त्याला विचारणार, "हे तुम्ही लक्षात ठेवणार आहात का?" सिटी बसमध्ये कंडक्टरला उतरायचा स्टॉप ते कानाशी लागून सांगत, आणि तो बिचारा मोठ्याने "कुठलं?" म्हणाला, की पुढच्याच स्टॉपला उतरून चालत जात.

हॉस्पिस दिंडोरीच्या बाजूला, दोन द्राक्षबागांच्या मध्ये. आजार आता हटणार नाही हे मान्य करून, उरलेले दिवस माणसाला बरे जावेत म्हणून सांभाळणारी ती जागा. तिथे पेशंटच्या नावाचा फळा नव्हता. पूर्वी होता म्हणे, पण काकांनी आल्या आल्या तो पुसला आणि पुन्हा कोणाला खडू दिला नाही. त्याऐवजी पेशंटने आल्यावर एक फूल निवडायचं. मग नर्सपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे त्याच नावाने बोलणार. मोगऱ्याला पेज हवीय. झेंडूला आज झोप लागली. व्हरांड्यात उभ्या असलेल्या परक्या माणसाला वाटावं, बागकामाच्या गप्पा चालल्यात. निफाडचे एक द्राक्षवाले आजोबा आले, ते अडून बसले. "फुलाचं नाव नको ब्वा. मला थॉमसन म्हना, आपल्या द्राक्षाची जात ती. लय वर्षं त्यातच गेली." काकांनी नियमाची वही काढली, बराच वेळ चाळली, आणि द्राक्षाच्या वेलीलाही फूल येतं असा शेरा मारून परवानगी दिली. थॉमसन गेले त्या दिवशी काकांनी कपाट दिवसभर उघडलं नाही.

नातेवाईक ही काकांच्या दृष्टीने सर्वांत गळकी जमात. एकदा घोटीच्या एका आजींचा पुतण्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. "सख्खा पुतण्या आहे मी," असं तीनदा सांगून झालं. काकांचं ठरलेलं वाक्य तयार होतं. "या नावाचं कुणी इथे आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही." आता गंमत अशी, की काकांच्या मागच्या खिडकीबाहेर आजी उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि दोन्ही हात हलवून पुतण्याला बोलावत होत्या. पुतण्या बोट दाखवतोय, काका मागे वळून बघायला तयार नाहीत. शेवटी आजीच काठी टेकत आत आल्या. "अहो, मीच सांगते, आहे मी." काका शांतपणे म्हणाले, "हे त्यांनी सांगितलं. मी नाही." आणि मग पेढा घेतला. एक पुढारी फळवाटपाला फोटोग्राफर घेऊन आले होते, त्यांनाही काकांनी नाही म्हटलं नाही. फक्त फोटोत पेशंट, पलंग, खिडकी आणि भिंतीवरचं घड्याळ येता कामा नये, एवढीच अट. त्या फोटोत पुढारी आणि केळी आहेत. केळी छान आली आहेत.

टाकाऊ कागद तर ते फाडूनही टाकत नसत. बादलीत भिजत घालायचे, शाई सुटेपर्यंत हाताने कालवायचे, आणि तो लगदा गुलाबाच्या बुडाशी. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काका, गुलाबांना सगळ्यांचे आजार माहीत झाले असतील." ते हसले नाहीत. कोपरापर्यंत हात बादलीत, तसेच म्हणाले, "सर, माझ्या बायकोला तिचा आजार भाजीवालीने सांगितला." त्यांच्या गावच्या दवाखान्यात कोणीतरी रिपोर्ट वाचला, कोणीतरी कोणाला बोललं, आणि मेथीची जुडी देता देता भाजीवाली म्हणाली, अगं बाई, असं झालंय होय तुला. घरी काकांनी ती बातमी सांगायला धीर गोळा करत चार दिवस घालवले होते. "चार दिवस तिला ठाऊक होतं, आणि मी तिच्याशी पावसापाण्याचं बोलत होतो." एवढं बोलून त्यांनी हात पुसले. "हे सांगितलं, कारण हे माझं होतं. कपाटातलं वेगळं." कपाटातल्या कागदांबद्दल ते नेहमी आपल्या बोलीत एकच सांगत, "कागद मनापान शे, पन मना नई." कागद माझ्याजवळ आहे, पण माझा नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या आईमुळे. आईच्या आजाराला नाव होतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी आईला सांगितलं नव्हतं. एकुलता एक मुलगा, तेवढं बळ नव्हतं माझ्यात. म्हणून मी तिला हॉस्पिसला आणलं, ते पंचकर्म केंद्र म्हणून. ताकद भरून येईल, महिनाभर मालिश, हलका आहार, असं काय काय बोललो होतो. फाटकावर चांगली मोठी पाटी आहे. ती तिने वाचू नये म्हणून मी गाडीत दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हटलं, "आई, द्राक्षं बघ." एप्रिल महिना, खरड छाटणी झालेली. मैलभर नुसते बोडके खुंट आणि तारा. आईने मान वळवून नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहेत रे." पाटी मागे पडली आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

दाखल करून घेताना काकांचा एक रिवाज होता. नातेवाइकांनी बाहेर जाऊन चहा घ्यायचा आणि पेशंटने एकट्याने काकांशी बोलायचं. एका कागदावर तीन रकाने असत. सांगायचं, सांगायचं नाही, आणि विचारलं तरच. कोणाला काय कळावं, हे ज्याचं आहे त्यानेच ठरवायचं. मी आधीच काकांना कोपऱ्यात गाठून पंचकर्माची सगळी कहाणी ऐकवली आणि आईला काही कळू देऊ नका म्हणून हात जोडले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमचं म्हणणं ऐकलं. आता चहा घ्या." मी तीन चहा घेतले तरी दार उघडेना. उघडलं तेव्हा आई हसत होती. तिने शेवंती निवडली होती.

बेचाळीस दिवस आई तिथे होती. मी रोज संध्याकाळी जायचो आणि ती रोज मालिशचं कौतुक करायची. "आज पायांना तेल लावलं. घरी आल्यावर त्या मुलीला बोलावू आपण." मी हो म्हणायचो आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहायचो. तिच्याशी खरं एकदाही बोललो नाही. ती गेल्यावर हेच आत रुतून बसलं. काहीच न कळता गेली असेल, तर मी तिला निरोप घेऊ दिला नाही. आणि कळून गेली असेल, तर तिने ते एकटीने सोसलं. दोन्हीकडून मीच चोर. तिला माहीत होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. जगात ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो कोणाला काही सांगत नसे.

आईचा घरचा वॉकर तिथे देऊन टाकायला म्हणून गेलो आणि दर रविवारी पेशंटना पेपर वाचून दाखवायला राहिलो. सहा वर्षं. चार वाजता काकांच्या खोलीत चहा. आईचा कागद माझ्या समोरच्या कपाटात, तीन हातांवर. पण ज्यांनी सख्ख्या पुतण्याला दाद दिली नाही, ते मला काय देणार? उगाच त्यांना अवघडून टाकायचं आणि आपण हात हलवत परत यायचं. त्यापेक्षा मूग गिळून बसलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. चहा संपला की काका दर वेळी कप बाजूला सारून विचारायचे, "सर, काही विचारायचंय?" मला ती त्यांची सवय वाटायची, जशी कंडक्टरच्या कानाशी लागायची. मी म्हणायचो, "नाही काका, निघतो." ते मान हलवायचे.

गेल्या वर्षी काका स्वतःच तिथे दाखल झाले. कपाट त्यांनी तयार केलेल्या ताईंकडे गेलं होतं. चाळिशीच्या, शांत, हातात कायम किल्ली. त्यांनी रीतसर काकांची माणसं चहाला पाठवली, त्यात मीही. कोणतं फूल निवडलं हेसुद्धा त्या दिवशी मला कळलं नाही. आठवड्यात मधेच एकदा राहवेना म्हणून शाळेतून फोन केला. ताई म्हणाल्या, "या नावाचं कुणी इथे आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही."

"ताई, मी सर बोलतोय."

"हो सर, आवाज ओळखला. तरी नाही."

स्टाफरूममध्ये मी मोठ्याने हसलो, आणि मग मला पुढच्या तासाला जाता येईना. रविवारी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा सुकलेला चेहरा नुसता उजळला. बोलायला त्रास होत होता. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "सर, काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "नाही काका. तुम्ही आराम करा."

त्याच आठवड्यात ते गेले.

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी गेलो, पेपर वाचला, चार वाजता ताईंसमोर चहाला बसलो. चहा अर्धा झाला. आता कोणीतरी कप बाजूला सारेल आणि विचारेल, म्हणून मी थांबलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं. कोणी विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "ताई, माझ्या आईला माहीत होतं का हो?"

ताईंनी कप खाली ठेवला. उठल्या, कपाट उघडलं आणि शेवंतीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "विचारलंत, म्हणून दाखवते."

तिसरा रकाना. काकांचं बारीक अक्षर, खाली आईची सही. "मुलाने विचारलं तरच सांगावे. मला आधीपासून सगळं माहीत आहे. फाटकावरची पाटी वाचली. द्राक्षं बघ म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून द्राक्षं बघितली. आपण आईला सांभाळलं असं त्याला वाटू दे. त्याने आपण होऊन विचारलं, तर समजा त्याला आता सोसेल." आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहून घेतलेलं, "मालिश मात्र खरंच छान करतात."

कागदाच्या मागे तारखा होत्या. सगळे रविवार. प्रत्येकापुढे एकच ओळ, "आले होते. विचारलं नाही." पान संपल्यावर दुसरं जोडलं होतं, मग तिसरं, असा गठ्ठाच झाला होता. शेवटच्या तारखेचं अक्षर वाकडंतिकडं झालेलं, पलंगावर पडून लिहिल्यासारखं. "आजही नाही. ताईंनी लक्ष ठेवावे."

ताईंनी कागद माझ्या हातातून हळूच घेतला, त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, "विचारलं." मग माझा चहा पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या. खिडकीबाहेर गुलाब होते, आणि त्यापलीकडे बागेत पुन्हा एप्रिलची छाटणी चालली होती.

अजून मी दर रविवारी जातो. फाटकापाशी गाडी हळू होते आणि मान आपोआप दुसऱ्या बाजूला वळते. मला आईला शेजारी बसवून एकदा ते बोडके खुंट परत दाखवायचे आहेत, आणि या वेळी दोघांनी मिळून पाटी वाचायची आहे. आणि चार वाजता, चहा संपल्यावर, काकांना सांगायचंय की हो काका, विचारायचंय.