मोबाईलमध्ये न दिसलेली पिल्लं

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून खोडलं. कुणाच्या घरातलं आपण कायले सांगायचं? पण राहवलंच नाही.

कुडव्यातल्या सुमित्राबाई एकट्या राहतात. नवरा गेला, मुलगा उमेंद्र दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी हैदराबादला गेला. जाताना त्याची मासोळ्यांची काचेची पेटी मागे राहिली, एंजल मासोळ्यांची एक जोडी होती त्यात. बॅग उचलता उचलता तो हसत म्हणाला, "आई, यांना पिल्लं झाली की फोन कर. पाह्यले लगेच येतो."

तो बोलून विसरला. आई नाही विसरली.

मासोळीनं पेटीतल्या दगडी पाटीच्या उभ्या तुकड्यावर अंडी घातली. सुमित्राबाई नाचायच्याच बाकी होत्या. सकाळी पाटी साफ! आईबापांनीच खाल्ली. असं पाच वेळा झालं. दार वाजलं तरी मासोळ्या दचकायच्या आणि अंडी गिळायच्या. शेजारची नंदाबाई रोज चहाच्या वेळी यायची, दार धडधड वाजवत.

"नंदा, काही दिवस येऊ नको वं. मासोळ्या भेतात."

"तळून खाऊन टाक न मंग! माणसापेक्षा मासोळी मोठी झाली तुले?"

नंदाबाई गेली ती गेलीच. हळूहळू सगळ्यांचंच येणं बंद झालं. पेटीला जुनं लुगडं गुंडाळून सुमित्राबाई घरात पाय न वाजवता फिरायच्या. टीव्हीसुद्धा मुका.

शेवटी बाजारातला मासोळीवाला म्हणाला, "आंटी, अंडे अलग निकालो, तभी बचेंगे." आईपासून अंडी तोडायची? त्यांचं मन होईना. पण सहाव्या वेळी पाटी उचलून काचेच्या बरणीत ठेवलीच. मासोळी दिवसभर त्याच रिकाम्या जागेभोवती फिरत राहिली. सुमित्राबाईंनी तिकडं पाहिलंच नाही. बोअरचं पाणी जड, म्हणून पावसाचं साठवलेलं घातलं. धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पाण्यात कुजवली, त्यात बारीक जीव होतात, तेच पिल्लांचं खाणं.

आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली. त्यांनी उमेंद्रला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबू, पाह्य! झाली!"

"कुठं? कचरा दिसून राहिला नुसता."

"कचरा नाही रे. काचेले डोळा लावला का दिसतात. तू ये न."

"पाहतो गं, सुट्टीचं. मीटिंग आहे, ठेवतो."

फोन बंद झाल्यावरही त्या मोबाईल बरणीसमोर धरून उभ्या होत्या. मग पेटीवरचं लुगडं काढलं आणि दार सताड उघडं टाकलं. आता कुणी कितीही वाजवा. पण वाजवायला कोणी येईना, सवयच मोडली होती. दोनदा नंदाबाईच्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

परवा माझी स्कूटी त्यांच्या दारासमोर बंद पडली. त्याच गल्लीतून मी रोज कॉलेजला जाते, कधी थांबले नव्हते.

"ये वं पोरी, पाह्यून जा."

मी बरणीच्या काचेला डोळा लावला. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, प्रत्येकाला दोन काळे डोळे! मी ओरडलेच. त्या बरणीकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या होत्या.

"दिसले न तुले?" त्यांनी तीनदा विचारलं. मग चहा ठेवत हे सगळं सांगितलं.

पिल्लं रोज दोन-चार मरतात. उमेंद्रदादा, तू वाचत असशील तर तिकीट काढ. नंदाकाकू, दोन घरांचं तर अंतर आहे. आणि तुम्ही, तुम्हालाही कोणी "ये न" म्हणालं असेल. फोन नका करू. जा. याच आठवड्यात जा.