मावशीने न वाचलेलं पान

आमच्या मजल्यावर खानावळ चालवणाऱ्या मावशीने मला परत आणलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझा हात अडखळतो, मध्येच सोडून द्यावंसं वाटतं, आणि मग तिचं राहून जायचं. नंतर पुष्कळांनी मदत केली. पण पहिली ती.

ती माझ्या नात्याची नाही. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लागून तिची खोली. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवायला असायचे. मावशी सातवी शिकलेली, म्हणून त्यांची गावची पत्रंही तीच वाचायची. ताटं वाढून झाली की गॅलरीत पाटावर बसून, मोठ्याने, सगळ्यांसमोर. तिचा एकच नियम होता. "लिवलेला हा तसा वाचतलंय. गाळूचा आसात तर दुसऱ्याकडे जावा." एकदा एकाच्या बापाने त्याला शिव्या लिहून धाडल्या होत्या. त्याही तिने स्वल्पविरामासकट वाचल्या आणि वर त्याला एक मासा जास्त वाढला.

संप झाला तेव्हा मी आठवीत होते. बाबांनी गिरणी पुन्हा सुरू व्हायची वर्षभर वाट बघितली, मग गावी गेले ते तिकडचेच झाले. माझी शाळा सुटली. आई मावशीकडे भाकऱ्या थापायला लागली, मी माटुंग्याला लोकांची मुलं सांभाळायला. पुढे गिरण्यांच्या चिमण्या थंडच राहिल्या, खानावळीतली ताटं कमी झाली, आणि मी बावीस वर्षांची असताना एका एजंटाने मला आखातातल्या एका शहरात घरकामाला पाठवलं. लहान वयाच्या बायकांना तिकडे घरकामाला सोडत नाहीत, म्हणून पासपोर्टात माझं वय त्याने वाढवून लावलं होतं. मला वाटलं, कामाचंच तर आहे, वयाचं काय.

तिथे दुसऱ्या वर्षी, मालकाच्या धाकट्या भावाने, दुपारी घरात कोणी नसताना माझ्यावर जबरदस्ती केली. याहून जास्त मी लिहिणार नाही. मी डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे धुऊन वाळत टाकले आणि संध्याकाळचा स्वयंपाक केला. लहानपणापासून वाईट जागेवरून आलं की आंघोळ करायची, एवढंच मला ठाऊक होतं. तसं करायला नको होतं, न धुतलेल्या अंगावरून आणि कपड्यांवरूनच डॉक्टरांना पुरावा मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

पासपोर्ट मालकाच्या कपाटात. फोनला कुलूप. आणि महिन्या-सव्वा महिन्याने मालकीण बाळंतपणाला माहेरी जाणार होती. मग त्या घरात मी आणि ते दोघे भाऊ. मी दिवस मोजायला लागले. ती जायच्या आत मला बाहेर पडायचं होतं.

मोकळीक एकच होती, खालच्या केरळी वाण्याकडे सामान आणायला जायचं. तो माझी पत्रं टाकायचा. मी नेहमीसारखं पत्र लिहिलं: मी बरी आहे, ऊन फार आहे, आईने गुडघ्याला तेल लावावं. दुसरं पान उलटलं आणि हात थांबेनाच. सगळं लिहिलं. त्याच पाकिटात घातलं, वाण्याला दिलं, आणि जिना चढताना मधल्या पायरीवर लक्षात आलं. आईला वाचता येत नाही. पत्र मावशी वाचणार. गॅलरीत. सगळ्यांसमोर. लिहिलंय तसं.

धावत खाली गेले. वाण्याचा पोऱ्या टपाल घेऊन गेला होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते देवाला ठाऊक. माणसाला भीती कशाची वाटावी? मला त्या भावापेक्षा आमच्या गॅलरीची जास्त वाटत होती.

त्या दिवशी गॅलरीत काय झालं ते आईने मला नंतर सांगितलं. आखातातलं पत्र म्हणजे अख्ख्या मजल्याचं. समोरची काकू, जिच्या मुलासाठी मी घड्याळ आणणार होते, ती सगळ्यांत पुढे.

"वाच गो मावशे. घड्याळाचा काय लिवल्यान?"

"मेल्या घड्याळाक काटे तरी फुटांदे," मावशी म्हणाली आणि चष्मा चढवला.

पहिलं पान तिने वाचलं. ऊन, तेल, गुडघे. दुसरं पान उलटलं. आई म्हणते, मावशी एक घोट पाणी प्यायली. मग त्याच आवाजात पुढे म्हणाली, "काकूंना सांगा, बाजार लांब आहे, घड्याळाला वेळ लागेल. मालकिणीला मी केलेली डाळ आवडते. सगळ्यांना नमस्कार."

"इतक्याच? पान तर भरलेला दिसता."

"अक्षर मोठा काढल्यान हा. आठवीत शाळा सोडलेली, तुझ्या झिलासारखा बारीक लिवता येयत व्हय?"

हशा झाला. सगळे पांगले. फक्त आईच्या लक्षात आलं, की मावशीने पत्र तिला परत न देता कमरेला खोचलं. इतक्या वर्षांत एकदाही तिने असं केलं नव्हतं. आई तिच्या मागोमाग आत गेली. मावशीने दार लावलं, स्टोव्ह पेटवला, त्याचा आवाज मोठा केला आणि मग आईला हळूच सांगितलं. दोन वाक्यांत. आई रडायला लागली तेव्हा म्हणाली, "रड, पण बसून रडू नको. चप्पल घाल."

मावशी आधी एजंटाकडेच निघाली होती, लाटणं घेऊन. आईनेच तिला अडवलं. माटुंग्याला मी ज्यांच्याकडे काम करायचे, त्या बाईंनी कधीतरी एका महिला संस्थेचं नाव आईला सांगितलं होतं. हिंदमाता टॉकीजच्या पुढे, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. त्या दुपारी खानावळीला कुलूप लागलं. जेवणारे म्हणाले, मावशी गेली की काय?

संस्थेतल्या बाईंनी पहिलं हेच सांगितलं, की एजंटाला चाहूल लागू देऊ नका. तो मालकाला फोन करेल आणि मुलीला कोंडतील. आधी तिला बाहेर काढायचं. तिथे आपली एम्बसी आहे, बायकांना ठेवून घ्यायची सोय आहे, पासपोर्ट नसला तरी दारातून आत घेतात, नवा कागद करून देतात. आम्ही इथून तार करतो. डॉक्टरकडे जायचंच, कितीही दिवस उलटले तरी. तक्रार करायची की नाही, ते तिने ठरवायचं.

"तिने कसं ठरवायचं?" मावशीने विचारलं. "तिका काय कळता?"

"तिनेच," बाई म्हणाल्या. "एकदा तिला कोणी विचारलं नाही. आता तरी विचारायला हवं."

मावशी माझ्यापाशी हे वाक्य पुष्कळदा बोलून दाखवायची. तिला ते फार लागलं होतं.

तिचं उत्तर आलं तेव्हा मालकिणीची बॅग भरून दारात होती. मला आलेली पत्रं मालक आधी फोडायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आकडे कोणालाही कळतात. म्हणून मावशीने एम्बसीचा फोन नंबर अक्षरांत लिहिला होता, सासू-सुनांच्या गोष्टी सांगता सांगता एकेक आकडा पेरून. पत्ता तसाच. वाण्याला सांग, टॅक्सी तो करून देईल. अंगावरच्या कपड्यांनिशी जा, काही उचलू नको, नाहीतर चोरीचा आळ घेतील. आणि शेवटी: "तू काय केलेलं नाहीस. ज्याने केलं त्याने केलं. पत्र मी एकटीने वाचलं आहे, आणि तुझ्या आईला सांगितलं आहे. चाळीत तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही."

ते शेवटचं वाचून माझं निघायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदे आणायला म्हणून उतरले. वाण्याने काही विचारलं नाही. टॅक्सी आली तेव्हा त्याने ड्रायव्हरला त्याच्या भाषेत चार शब्द सांगितले आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

एम्बसीत मी सात आठवडे होते. माझ्यासारख्या आणखी होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषधं दिली. तक्रार करायची का, असं मला तिघांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा मी हो म्हटलं. त्याला शिक्षा झाली नाही. मालकाने उलट माझ्यावरच चोरीचा आळ घेतला, तो टिकला नाही, आणि मला घरी पाठवलं. पण माझा जबाब तिथे लिहिलेला आहे, खाली माझी सही आहे. तेवढं मी केलं.

चाळीत मी "कामाचं कंत्राट संपलं" म्हणूनच परतले. काकू म्हणाली, "घड्याळ?" मावशी म्हणाली, "तुझी वेळच वायट हा."

नंतर वर्षभर दर आठवड्याला मावशी मला हिंदमाताला त्या खोलीत घेऊन गेली. आत मी संस्थेच्या बाईंशी बोलायचे, बाहेर बाकड्यावर ती मेथी निवडत बसायची. आत काय बोललीस असं तिने एकदाही विचारलं नाही. सगळं वाचून दाखवणारी बाई ती.

आज मी पुन्हा घरापासून लांब आहे, दुसऱ्या देशात, एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. माझा पासपोर्ट माझ्या उशाशी असतो. अजूनही दाराची कडी दोनदा बघते, कोणी मागून आलं की दचकते. नवी मुलगी कामाला आली की पहिल्याच आठवड्यात तिला एम्बसीचा नंबर पाठ करायला लावते. ती हसते. हसू दे.

मावशीची खानावळ केव्हाच बंद झाली. जेवणारे गेले, गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. तिला मूलबाळ नाही, आणि आता जिने चढवत नाहीत. गावचे पुतणे तिला न्यायचं म्हणतात, पण कोण नेत नाही. परवा फोनवर म्हणाली, "माका कशाक व्हया कोण? मी घट आसंय."

मावशी, माझं इथलं कंत्राट संपायला दोन वर्षं आहेत. तोवर घट राहा. मग मी येते, आणि तू माझ्या घरी राहायचं. तुला आंघोळ घालणं, तुझं खाणंपिणं, रात्री उठून बघणं, सगळं मी करीन. म्हाताऱ्या माणसांचं कसं करायचं ते मी इथे शिकले आहे, परक्यांचं करून. तुझं मी लेक म्हणून करीन. आणि कसं करायचं ते तूच ठरवायचं.