सतराव्या कागदावरची चौदा घरं

स्वातीचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कारखान्यात जायच्या तयारीत होतो, एक पायमोजा चढवलेला, एक हातात. "मामा, आई उठंना झालीया..." एवढंच भाची बोलली आणि फोन शेजारच्या कुणीतरी घेतला. बायकोला घेऊन मी बेळगावहून निपाणीला निघालो. वसुबारसेला तीन दिवस होते, वाटेत आकाशकंदील टांगलेले दिसत होते. शांताआक्का गेली होती. झोपेतच, कुणाला हाक न मारता. तिच्या खोलीत खिडकीपाशी ते छोटं टेबल होतं, त्यावर तेवीस आलेख कागद चिमट्यात लावलेले, आणि शेजारी चोविसावा, कोरा, त्यावर आडवं ठेवलेलं काळं पेन.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकराचं. वडील साडीच्या काठाची नक्षी स्वतः काढत. आलेख कागदावर घरं भरायची, भरलेलं घर म्हणजे ताण्याचा, उभा धागा वर, मोकळं घर म्हणजे खाली. पावसाळ्यात सूत दमट असतं, तुटतं. आश्विनात ऊन कोरडं झालं, की तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी नवी नक्षी निघायची. वडील काढत आणि आक्का त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या कागदावर उतरवून घेई. माझं काम ओळी वाचून दाखवायचं. तीन भरली, एक मोकळं, दोन भरली... माझी एकही ओळ चुकत नसे, याचा मला लहानपणापासून गर्व. पुढं मी एका फाउंड्रीत तपासणी खात्यात लागलो. ओतीव भाग मोजायचे, बसत नसला तर बाजूला काढायचा. तीस वर्षं हेच करतो आहे. माणसांच्या बाबतीतही तेच करतो, असं बायको म्हणते.

आक्काचं लग्न निपाणीला झालं. भावोजी तंबाखूच्या वखारीत होते. ते वारले, त्यानंतर चार महिने आक्का जेवायची, बोलायची, पण हातातलं काम अर्धवट टाकून उठायची. घटस्थापनेच्या सकाळी तिनं स्वातीच्या दप्तरातला एक आलेख कागद घेतला आणि खिडकीपाशी बसली. त्या दिवसापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी आंघोळ करून एक कागद. साठ घरं उंच, चव्वेचाळीस घरं रुंद. मनात आधी काही ठरवलेलं नसायचं, एक उभी ओळ झाली की तिच्याकडे बघून पुढची. दिवस चव्वेचाळीस भरले तरी कागद पंचेचाळीसच, कारण तिथीचा क्षय झाला तर ती एका सकाळी दोन काढायची. हे मला फार आवडलं होतं. तसं मी तिला सांगितलंही. "व्हय रं, तुला तेवढंच आवडणार," ती म्हणाली.

दर शरदात हे चालू राहिलं. शेजारणीला वाटायचं, आक्का नामजप लिहिते. "किती लाख झालं वो, शांताबाई?" तिनं एकदा माझ्यासमोरच विचारलं. आक्का मान वर न करता म्हणाली, "मोजणारा भाऊ बेळगावास्नं आलाय, त्येला इचारा." मी खरंच हिशेब करायला लागलो, तशा दोघी हसत सुटल्या. काढताना तिच्याजवळ बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. मी भाऊबीजेला आदल्या दिवशीच जायचो, म्हणजे दोन सकाळी मिळायच्या. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, पेनाचा बारीक कर्र आवाज, आणि आक्काचा चेहरा हळूहळू सैल होत जाई... एकदा मी विचारलं, काय मिळतं गं यातून? तिनं पेनाला टोपण लावलं. "एका घरात एवढंच मावतंय, भरायचं का सोडायचं. दुसरं कायबी मावत न्हाय," ती म्हणाली.

आता चुकीबद्दल. तिसरा शरद संपल्यावर मी तिच्याकडून त्या शरदाचे कागद मागून घेतले. मनात होतं, यातली एक नक्षी साडीच्या काठावर उतरवून घ्यावी आणि राखीला तिला द्यावी. वडिलांची नक्षी किती बायकांच्या अंगावर गेली, आक्काची एकदाही नाही. मी सतरावा कागद निवडला, तो मला सर्वांत देखणा वाटला. वडगावातले एक मागवाले आप्पा आमच्या वडिलांना ओळखणारे, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "नक्षी लई भारी हाय रं, पण ह्येची उजवी कड डावीला भेटत न्हाय. साडीभर चालवू कसं? दर वितीला तुटणार की." त्यांचं बरोबर होतं. काठाची नक्षी संपते तिथूनच परत सुरू व्हावी लागते. मी घरी येऊन दोन्ही कडा ताडून पाहिल्या. साठातली चौदा घरं जुळत नव्हती. मी काळं पेन घेतलं आणि उजव्या कडेची ती चौदा घरं दुरुस्त केली. जी भरायची ती भरली, जी मोकळी हवी होती ती पांढऱ्या शाईनं पुसली. तासाभराचं काम. आक्काला विचारावं, असं मनातसुद्धा आलं नाही. भाग बसत नव्हता, मी बसवला.

साडी सुरेख झाली. गडद जांभळी, काठ मोतिया. राखीला आक्कानं ती मांडीवर घेतली आणि काठावरून बोट फिरवत गेली. एके जागी बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. मग तिनं मी परत आणलेल्या कागदांतला सतरावा काढून पाहिला.

"विजू, ह्यातली चौदा घरं माझी न्हाईत."

"जुळत नव्हतं आक्का. मी जुळवलं."

"जुळत न्हवतं व्हय..." ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. "बरं केलंस."

दिवाळीला ती साडी नेसली. पण त्या भाऊबीजेपासून मी पोचायच्या आत कागद कपाटात गेलेले असत. मी असताना ती टेबलापाशी बसत नसे, मी निघाल्यावर बसे. चौथा शरद, पाचवा, सहावा, सातवा. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाकी सगळं होतं तसंच. पुरणपोळीचा डबा, माझ्या रक्तदाबाची चौकशी, बायकोसमोर माझी थट्टा. त्या दोन सकाळी तेवढ्या गेल्या. परतीच्या बसमध्ये दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला स्पष्ट विचारू, आक्का, तू माझ्यावर रागावलीस का? आणि दर वेळी पुढची खेप असायची...

तेरावं झाल्यावर मी स्वातीला विचारलं, आक्का माझ्यावर रागावली होती का. "मला न्हाय ठाऊक मामा," ती म्हणाली. "कागद कपाटात हाईत. बघा की." सात शरदांचे सात गठ्ठे होते आणि टेबलावरचे तेवीस. एकूण तीनशे अडतीस. आक्का प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्या शरदातला आकडा घालायची. एखादा हरवला आहे का पाहावं, म्हणून मी ते फरशीवर क्रमानं मांडायला लागलो. पाच-सहा मांडले आणि हात थांबला. पहिल्या कागदाची शेवटची उभी ओळ आणि दुसऱ्याची पहिली, दोन्ही सारख्या होत्या. दुसऱ्याची शेवटची, तिसऱ्याची पहिली. मी पट्टी लावून घर न् घर तपासलं. कागद स्वतःशी जुळत नव्हता, कारण तो दुसऱ्या दिवशीच्या कागदाशी जुळत होता. पहिल्या शरदाचा पंचेचाळिसावा दुसऱ्या शरदाच्या पहिल्याशी. तीन वर्षं मी शेजारी बसत होतो, तासतासभर तिचा हात बघत होतो, आणि हे सगळं मिळून एकच लांब कापड आहे, हे मला दिसलं नव्हतं. मी एकेक कागद मोजत होतो.

खोली भरली, पडवी भरली, स्वातीनं सोफा सरकवला. तिसऱ्या शरदाचा सतरावा आला. तो अठराव्याशी जुळेना. किती घरांनी, हे मोजायची गरज नव्हती, पण मी मोजलं. आक्काचं कापड मी मधेच तोडलं होतं. साडी मांडीवर घेतली त्याच क्षणी तिला ते कळलं असणार, आणि ती म्हणाली, बरं केलंस. मी भिंतीला टेकून खाली बसलो. स्वातीनं पाणी आणून दिलं.

उरलेले मांडायचे म्हणून मांडत गेलो. चौथ्या शरदाचा पहिला कागद तिसऱ्याच्या पंचेचाळिसाव्याशेजारी ठेवला, तर तोही जुळेना. एकतीस घरांचा फरक. पुन्हा मोजलं, एकतीसच. आक्काच्या हातून एवढं चुकणं शक्य नव्हतं. कागद हातात धरून मी मांडलेल्या ओळीवरून मागं मागं चालत गेलो, प्रत्येक कडेला लावून बघत. चव्वेचाळीस नाही, त्रेचाळीस नाही... सतराव्याशी आलो. लावला. साठच्या साठ घरं जुळली. माझी चौदा धरून.

म्हणजे राखीनंतरच्या घटस्थापनेला ती खिडकीपाशी बसली, तेव्हा तिनं माझ्या चुकीची कड पुढ्यात घेतली आणि तिथून काढायला सुरुवात केली. पुढचे चार शरद, एकशे ऐंशी कागद, आणि हे तेवीस, सगळे त्या चौदा घरांतून निघाले होते. माझ्या घरांपाशी मोकळी सोडलेली एक तिरपी रेघ होती, ती पुढं रुंद होत, वळणं घेत पार दारापर्यंत गेली होती. कागद कपाटात का जायचे ते मला अजूनही कळलेलं नाही. पण राग असा नसतो, एवढं मला कळतं... आक्का, एकदा सांगायचं होतंस. मी गप्प बसलो असतो, खरंच.

स्वातीनं कागद मला दिले. त्रिपुरी पौर्णिमा झाली, हंगाम संपला. आमच्या खिडकीत ऊन वेगळं येतं, पण सकाळी येतं. आज आंघोळ करून मी तो चोविसावा कागद पुढ्यात घेतला आणि तेविसाव्याची शेवटची उभी ओळ त्याच्या डाव्या कडेला उतरवली. वीस मिनिटं लागली. दोनदा तपासली, साठ घरं बरोबर आहेत. पण ती ओळ तिचीच आहे. दुसरी ओळ तिच्याकडे बघून काढायची असते, आणि ती काही मोजून निघत नाही. बायको दोनदा चहाला बोलावून गेली. मी अजून तसाच बसलो आहे, पेनाचं टोपण हातात धरून.