साडेपाचच्या बसचा प्रेक्षक

गेल्या दहा वर्षांतल्या सिनेमांवर माझ्या साडूंइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस उभ्या विदर्भात सापडणार नाही, आणि त्यांतल्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिलेला नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतो आहे. त्यांना शेवट आवडत नसत असं नाही. त्यांच्या गावाला जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी साडेपाचला सुटते, एवढंच त्याचं कारण.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची आणि मोसंबीची बाग आहे, बागेत विहीर आहे आणि विहिरीवर एक मोटर आहे. या मोटरीचा आणि हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीचा फार जवळचा संबंध. नागपूरला दर शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि साडूभाऊंची मोटर दर शुक्रवारी सकाळी जळते. मोटर धड असली तर फूटव्हॉल्व्ह गळतो, फूटव्हॉल्व्ह शाबूत असला तर स्टार्टर दगा देतो. हे सगळं सामान नरखेडला मिळतं, काटोललाही मिळतं, पण नागपूरच्या मालाची गोष्ट अलग आहे असं त्यांचं ठाम मत. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, डबा भरून हातात देते आणि फक्त एवढंच विचारते की आज मोटरीत हिरो कोण आहे. थिएटरं बंद पडली होती त्या वर्षात ती मोटर एकदाही जळली नाही, हे तिनं नंतर आम्हाला मुद्दाम फोन करून सांगितलं.

परतणं मात्र भाग असायचं, कारण शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीच येते आणि बागेला पाणी देणारा दुसरा कोणी घरात नाही. तेव्हा अडीचचा शो धरायचा, पाचला उठायचं आणि बर्डीवरच्या थिएटरातून ऑटोनं बसस्टँड गाठायचं, असा दहा वर्षांचा नेम. जागा दाराजवळची, कडेची. पण चोरासारखं वाकून, लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत बाहेर पडणं त्यांच्या स्वभावात नाही. ते सरळ उभे राहतात, पिशवीतून एक संत्रं काढून शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, “येतो भाऊ, तुम्ही पाहा आरामात.” एकदा पडद्यावर हिरोच्या कपाळाला पिस्तूल लागलेलं, हिरॉइन दवाखान्यात, आणि मागच्या रांगेतल्या एक बाई पदर डोळ्याला लावून बसलेल्या. साडूभाऊ जाताजाता त्यांच्यापाशी थांबले आणि म्हणाले की बाई, रडू नका, त्याले काही होत नाही. त्याला पुढे तीन गोळ्या लागल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. साडूभाऊंना अजून कळलेलं नाही.

मॉलमधल्या थिएटरात त्यांची पहिली फेरी तर गाजलीच होती. तिथं दारावर पिशव्या तपासतात. त्यांच्या पिशवीत संत्री निघाली, ती आतमध्ये नेता येणार नाहीत असं सांगण्यात आलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग निघाला ग्रीस लागलेला, लोखंडी जाळीचा, चांगला हातभर लांब फूटव्हॉल्व्ह. त्या दिवशी तो खरोखरच खराब झाला होता. तपासणारा पोरगा शहरी, त्यानं तो लांबूनच पाहिला आणि साहेबाला बोलावलं, साहेबानं त्याच्या साहेबाला. साडूभाऊंनी तिघांना उभं करून विहिरीतलं पाणी वर कसं चढतं आणि खाली कसं उतरत नाही हे पहिल्यापासून समजावलं. तोवर सिनेमाची वीस मिनिटं गेली होती. अशा रीतीनं त्या एका सिनेमाचा आरंभही त्यांनी पाहिलेला नाही, तरी त्यावरचं त्यांचं मत अतिशय प्रतिकूल आहे.

आता शेवट पाहिला नाही म्हणून साडूभाऊ अडत नाहीत. अडीच तासांचा प्रवास असतो. खिडकीशी बसून ते राहिलेला सिनेमा स्वतः पुरा करतात. कळमेश्वर येईपर्यंत हिरो सुटलेला असतो आणि काटोलच्या आत खलनायकाचा निकाल लागतो. घरी पोचून जेवायला बसले की ते ताईला सगळा सिनेमा सांगतात, आणि पाहिलेला भाग कुठं संपला व बसमधला कुठं सुरू झाला हे त्यांचं त्यांनाही नंतर आठवत नाही. त्यांच्या शेवटांत कोणी मरत नाही. मुलीचा बाप कितीही खवीस असो, सरतेशेवटी चहा ठेवायला सांगतो. खलनायकाला तुरुंगात घालणं त्यांना मान्य नाही; आयतं जेवायला मिळते, त्यापेक्षा कामाले लावा त्याले, असं ते म्हणतात. म्हणून त्यांच्या सिनेमांतले निदान पन्नास गुंड आज कुठं ना कुठं दुधाचा धंदा करत आहेत.

मोबाइलवर घरबसल्या पुरा सिनेमा दिसतो, हे मी त्यांना सुचवून पाहिलं होतं. बागेत रेंज येत नाही म्हणाले. फोन करायला तेवढी येते, तीही पाण्याच्या टाकीवर चढलं तर. दर शनिवारी सकाळी ते टाकीवर चढत आणि नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी फोन लावत. इकडे माझ्या शेजारी बसलेले असत खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक. प्राध्यापक कॉलेजात साहित्य शिकवतात, सिनेमावर लेख लिहितात आणि सुखान्त गोष्टींना जरा कमी प्रतीच्या समजतात. फोनचा स्पीकर चालू करून मी पोहे खात बसायचो आणि हे दोघं तासभर भांडायचे. साडूभाऊंनी सांगितलेले शेवट आपण पाहिलेल्या शेवटांहून निराळे कसे, हा प्रश्न प्राध्यापकांना पडायचा, पण बराच काळ त्यांचा समज होता की साडूभाऊ प्रतीकात्मक बोलत आहेत. मला खरी गोष्ट ठाऊक होती. मी बोललो नाही, कारण ते भांडण मला फार आवडायचं.

गेल्या दिवाळीनंतर साडूभाऊंच्या धाकट्या भावानं दोन दिवस बागेवर राहायचं कबूल केलं आणि साडूभाऊ, ताई आणि नागपुरात नोकरीला असलेली त्यांची मुलगी असे तिघं आमच्याकडे राहायला आले. दुपारची जेवणं झाली, प्राध्यापक वर आले आणि विषय निघाला की गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला सिनेमा कोणता. भाचीनं नियम घातला. प्रत्येकानं एकाच सिनेमाची बाजू घ्यायची आणि शेवटी मतं टाकायची. मी एका विनोदी सिनेमाचं नाव घेतलं, ते कोणी ऐकलंसुद्धा नाही. भाची तिच्या आवडत्या नटाबद्दल बोलली. मग प्राध्यापक आणि साडूभाऊ यांनी एकाच वेळी एकाच सिनेमाचं नाव घेतलं. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दोघंही एकमेकांकडे जरा संशयानं पाहू लागले.

सिनेमा लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. मुलगा शिकून मोठा होतो, बापाच्या धंद्याची लाज वाटून घर सोडतो. सगळा सिनेमा बाप त्याची वाट पाहतो. साडूभाऊंनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी स्टेशनवरची गर्दी सांगितली, गाडीतून उतरणारा मुलगा सांगितला. म्हातारा त्याला पाहतो आणि तोंड फिरवतो. मग म्हातारा पिपाणी पुसताना खाली पाहूनच विचारतो, “जेवला का?” माझ्या बायकोनं डोळे पुसले. मीही खिशात रुमाल शोधू लागलो, आणि मी तर तो सिनेमा दोनदा पाहिला होता.

प्राध्यापक खुर्चीच्या कडेला आले होते. ते हळू आवाजात म्हणाले की असं काही त्यात नाही. मुलगा येतो तेव्हा बाप गेलेला असतो, बँडवाले अंत्ययात्रेत वाजवत चाललेले असतात, आणि त्या पाच मिनिटांवर आपण स्वतः चौदा पानं लिहिली आहेत. साडूभाऊ हसले. म्हणाले, “प्राध्यापक, तुम्ही दुसराच कोणता पाहून राहिले.” वाद वाढला. भाचीला बापाचं गुपित ठाऊक नव्हतं; तिनं सरळ टीव्हीवर तो सिनेमा शोधला आणि शेवटची वीस मिनिटं लावली. मी रिमोटकडे हात नेला, पण उशीर झाला होता. साडूभाऊंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन वाजले होते. आज पकडायची कोणतीही बस नव्हती.

दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सिनेमाचा शेवट पाहिला. म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन माणसं निघाली, मुलगा स्टेशनाकडून धावत आला, पिपाणी रिकाम्या खाटेवर पडलेली दिसली. साडूभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. प्राध्यापकांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा असायला हवा होता, पण तो एखाद्याच्या घरची काच फोडल्यासारखा झाला होता. भाचीनं टीव्ही बंद केला. मग साडूभाऊ सावकाश म्हणाले, “डायरेक्टरले साडेपाचची बस पकडायची होती वाटते.”

आधी ताईच हसली, आणि मग कोणालाच आवरेना. प्राध्यापक तर चष्मा काढून हसत होते. हसू ओसरल्यावर ताईनं शांतपणे सांगितलं की हा सिनेमा तिनं टीव्हीवर तीनदा पाहिला आहे. हाच नाही, बाकीचेही बहुतेक. दुपारी साडूभाऊ बागेत असतात तेव्हा ते लागतात. साडूभाऊ तिच्याकडे पाहत राहिले.

“मंग मले सांगितलं काहून नाही वं?”

“काय सांगू,” ताई म्हणाली, “तुमचाच चांगला होता.”

मतं पडली तेव्हा सगळी साडूभाऊंना गेली. प्राध्यापकांनी स्वतःच्या आवडत्या सिनेमाच्या दुसऱ्याच शेवटाला मत दिलं, आणि ती चौदा पानं पुन्हा लिहावी लागतील की काय असं म्हणत जिना उतरले.

त्यानंतर भाचीनं ठरवूनच टाकलं. महिन्यातून एका शुक्रवारी तिचा काका बागेवर थांबेल, आईबाबा आमच्याकडे मुक्काम करतील आणि सिनेमा पुरा पाहतील. पहिल्या खेपेला मी, माझी बायको, साडूभाऊ आणि ताई असे चौघं गेलो. ताई थिएटरात बरोबर आली होती, तीही कितीतरी वर्षांनी. जांभळी साडी नेसली होती आणि पडद्यापेक्षा नवऱ्याकडे जास्त पाहत होती. बरोबर पाच वाजता साडूभाऊ उभे राहिले. त्यांच्या ध्यानातही नव्हतं, पायच उठले होते. ताईनं बाही धरून त्यांना खाली बसवलं आणि मग ती बाही तशीच धरून ठेवली.

सिनेमा साधाच होता, शेवटही बरा होता. दिवे लागले, लोक उठले, आम्हीही उठलो. साडूभाऊ बसूनच होते. पडद्यावर बारीक पांढरी नावं खालून वर सरकत होती, आणि ते ओठ हलवत एकेक वाचत होते. दिवे धरणारे, कपडे शिवणारे, गाड्या चालवणारे, चहा देणारे. झाडूवाल्या बाई रांगेच्या टोकाला येऊन थांबल्या. मी त्यांना हातानंच जरा थांबा म्हटलं.

“साडभाऊ,” ते पडद्यावरून नजर न काढता मला म्हणाले, “एवढी माणसं होती. आन् मी दर वेळी या सगळ्यायले न भेटताच निघून जात होतो.”

शेवटचं नाव वर सरकून गेलं. पडदा कोरा झाला. साडूभाऊ उठले, धोतर नीट केलं, आणि कोणाच्या घरून निघताना करतात तसा, त्या कोऱ्या पडद्याला त्यांनी नमस्कार केला.