एसीतली हवा आणि समोरची नानी

जरा जवळ ये गं, अशी. शारजात रोल्लाला राहतेस, काही सातासमुद्रापार नाहीस, आणि मावशीला रोज सकाळी नुसते फुलांचे फोटो पाठवतेस? शोभतं का हे? तू येत नाहीस, म्हणून तर मला हे लिहून सांगावं लागतंय.

आमच्या इंटरनॅशनल सिटीतल्या बिल्डिंगला एकच मोठा एसी आहे. गच्चीवर पाणी गार होतं आणि पाईपांतून घराघरांत फिरतं. भर जूनमध्ये त्यांनी त्या पाईपांचं काहीतरी काम काढलं, आणि तेव्हापासून आमच्या छतात गुडगुड सुरू झाली. पोट बिघडल्यासारखी. वारा यायचा, पण कोमट. मुलगा म्हणाला, "आई, कंप्लेंट टाकलीय, इन्शाल्ला उद्या येतील." तो उद्या काही उजाडेना.

समोरच्या घरात मात्र गारेगार. तिथे रत्नागिरीची एक बाई राहते, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच लेकाकडे आलेली. मी तिला भाभी म्हणते, ती मला ताई. तिने दार उघडून हाक मारली, "ताई, पोरीला पाठवा गो इकडे, घामाने भिजलीय." पाठवली नातीला. दुसऱ्या दिवशी मी पाठवायच्या आधीच गेली. मग अभ्यास तिकडे, जेवण तिकडे, दुपारची झोपही तिकडेच. मी म्हटलं, "बाळा, आज थालीपीठ लावते तुझ्यासाठी." तर म्हणते कशी, "आय ॲम फुल, आजी. नानी मेड खापरोळी."

नानी! नारळाच्या रसात बुडवलेल्या दोन खापरोळ्यांवर बाई नानी झाली. आणि जिने जन्मल्यापासून न्हाऊमाखू घातलं, ती इथे गरम तव्यापाशी उभी.

शेवटी मेंटेनन्सवाला उगवला. बाथरूमच्या छतातलं झाकण काढून शिडीवरून म्हणाला, "अम्मा, पाईप में हवा फँसी है. पानी आगे नहीं जाता, तो ठंडा कैसे होगा?" खाली बादली धरून मी उभी. त्याने एक बारीकसा स्क्रू सैल केला. सूं करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखं काळं पाणी उडालं, आणि मग सरळ धार लागली, तसा त्याने स्क्रू आवळला. "खलास, अम्मा."

मी विचारलं, "भैया, हवा निकाली, वैसे डाल भी सकते हैं क्या? सामनेवालों के यहाँ?"

सून हसता हसता भिंतीला टेकली. "आई, काहीतरीच काय!"

"अगं, नुसतं विचारलं."

संध्याकाळपर्यंत घर असं गार झालं की मी शाल काढली. समोर जाऊन हाक मारली, "चल गं, आता आपलं घर पण गार झालं." आतून उत्तर आलं, "फाइव्ह मिनिट्स, आजी!" आली थेट झोपायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे ती गारव्यासाठी जात नव्हतीच, आता सांग!

आणि बघ, दोनच दिवसांत भाभीच्या छतात गुडगुड. म्हणे पाईपातली हवा अशीच सरकते, या घरातून त्या घरात. मी केवढ्या थाटात दार उघडलं! "या भाभी, आमच्याकडे मस्त गार आहे."

आली. मागोमाग नातही आली. आता भाभी माझ्या सोफ्यावर, नातीचं डोकं भाभीच्या मांडीवर, दोघींच्या अंगावर माझी शाल, आणि मी आत चहा टाकतेय. भाभी वर म्हणते, "ताई, तुम्ही पण बसा ना गो." माझ्याच घरात मला बसायला सांगते!

तिची कंप्लेंट अजून पडूनच आहे. तिच्या लेकाला वेळ नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मेंटेनन्सला फोन मीच करते.

तू या रविवारीच ये गं. त्या सोफ्यावर माझ्या बाजूला बसायला माझं म्हणून कोणीतरी हवं.