अंगठा घेत नाही

नवी पेठेत मी ऑनलाइन अर्ज भरून देतो. नव्याने शेती सुरू करणाऱ्यांच्या अनुदानाचे अर्ज चालू होते, तेव्हा मंगळवेढ्याहून एक बाई आल्या. वीस वर्षं लोकांच्या रानात ज्वारी उपटलेली, यंदा पहिल्यांदा एक एकर स्वतःच्या नावावर. ठसा घेणाऱ्या मशीनवर ठेवण्याआधी दर वेळी त्या अंगठा पदराला पुसायच्या. दर वेळी लाल दिवा. दहाही बोटं झाली. अंगठ्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, "मावशी, चार दिवस रानात जाऊ नका. हाताला तेल लावा, मग या."

त्यांनी दोन्ही तळवे माझ्या टेबलावर आपटले. "ज्वारी उपटून गेल्यात रेघा. आता काडणी हाय. शेतकरी हाय म्हणून दाखवायला शेतात जायचं न्हाय व्हय?"

सातबारा उचलून त्या निघून गेल्या. मुदत संपली, परत आल्या नाहीत.

रोज सकाळी लॉगिन करायला त्याच मशीनवर मी माझा अंगठा ठेवतो. ज्वारीचं एक धाट कधी उपटलेलं नाही मी. पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागतो आणि माझं डोकं फिरतं.