गोठ्यातलं नेट
भिजवलेल्या सरकी पेंडीचा वास आला की मला कोरोनातला आमचा गोठा आठवतो. माझ्या वडलांना, आबांना, बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि इकडं कळस गावात मी नि आई घरात कोंडलेल्या, दारात आडवे बांबू बांधलेले. दुपारी एकदा तिथली नर्स व्हिडिओ कॉल लावून द्यायची; पण आमचा नेटपॅक तेवढ्याला पुरायचा नाही, आणि घरात नेट घ्यायची ऐपत नव्हती. शेवटी शेजारच्या किराणा दुकानवाल्या चाचींनी भिंतीपलीकडून त्यांच्या वायफायचा पासवर्ड ओरडून सांगितला. ते नेट गोठ्यात, त्या भिंतीला पाठ लावून बसलं तरच मिळायचं. त्या दिवशी कॉल लागला, नाकात नळी घातलेले आबा आमच्याकडं बघत होते, आणि एकाएकी ते तसेच राहिले. डोळे अर्धे मिटलेले, छाती हलेना, आवाज बंद. “आगं, हे हालंनात गं!” म्हणत आईनं मोबाईल ओढला आणि काचेवर त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास लागतोय का बघायला. नुसतं नेटच अडकलंय, याची मलाच खात्री नव्हती. मी भिंतीवर थापा मारल्या. “चाची, आबा हालंनात!” “थांब, आमचे समदे मोबाईल बंद करते. पोरांची शाळा ऱ्हाऊ दे!” आईचं बोट काचेवरच होतं. मग आबांची पापणी हलली. “म्हशीला पाणी दावलं का?” आता आमच्या घरात नेट आहे, आबाही आहेत, पण कॉलवर कुणाचा चेहरा थांबला की माझं बोट अजून काचेवर जातं, नाकाखाली.